लॅपटॉपवर डीजे वाजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे माणूस येत नाही, ट्रॉलीवरची स्पीकरची भिंत येते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. इथली उत्तरं मात्र त्या माणसासाठी आहेत, जो लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर घेऊन हळद, वरात, संगीत किंवा पार्टीत गाणी मिक्स करतो. प्रश्नांना आकडे दिलेत, कारण एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला बऱ्याचदा येतो.

१. लॅपटॉप आहे. आणखी कमीत कमी काय घ्यावं लागेल?

एक कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचा चाकं, बटणं आणि फेडरचा बोर्ड), बंद कपांचा हेडफोन आणि दोन-तीन केबली. कंट्रोलरमध्येच साउंड कार्ड असतं. त्यातून दोन वेगळे आवाज निघतात, एक लोकांसाठी आणि एक तुमच्या कानासाठी. नुसत्या लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून हे नीट जमत नाही. पायोनियर डीजेच्या डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या सुरुवातीच्या कंट्रोलरला वेगळी वीज लागत नाही, तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो. त्यामुळे लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तुमचा सेटअप चालू राहतो, हा फायदा आपल्याकडे छोटा नाही. तोटा असा की मास्टर आउटपुट, म्हणजे लोकांच्या स्पीकरकडे जाणारा आवाज, फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या साध्या) पिनांतून निघतो. लांब केबलचं काय करायचं ते प्रश्न १० मध्ये.

२. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअल डीजे... नेमकं कोणतं घेऊ?

तुमचा कंट्रोलर जे फुकटात उघडून देतो, ते. एफएलएक्स४ जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड वेगळे पैसे न भरता चालतो. सेराटोची लाइट आवृत्तीही चालते, पण तिच्यात रेकॉर्डिंग नाही, त्यासाठी प्रो घ्यावं लागतं. एलईडी वॉलवर गाण्याचा व्हिडिओही मिक्स करायचा असेल तर व्हर्च्युअल डीजे सोपं पडतं. पैसेच नसतील तर ‘मिक्स’ (Mixxx) हे मुक्त सॉफ्टवेअर शिकायला उत्तम आहे. सॉफ्टवेअर बदलल्याने हात सुधारत नाही, म्हणून एकच धरा आणि वर्षभर त्यावरच वाजवा.

३. लॅपटॉप किती ताकदीचा हवा?

साध्या दोन डेकच्या (एका वेळी दोन गाण्यांच्या) मिक्सिंगला ८ जीबी रॅम चालून जाते. स्टेम्स (प्रश्न १६) वापरणार असाल तर १६ जीबी. हार्ड डिस्क मात्र एसएसडीच हवी, आणि ते केवळ वेगासाठी नाही. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये चकतीच्या अगदी जवळून वाचणारी सुई असते. बेसच्या पेटीशेजारी किंवा टेम्पोवर ती हादरते, वाचन अडखळतं आणि गाणं थांबतं. घरी कधीच न होणारा हा बिघाड नेमका मिरवणुकीत होतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

४. युट्यूबवरून उतरवलेली गाणी चालतात का? फाइल तर ३२० दाखवते.

दाखवेल. १२८ केबीपीएसची फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकून ३२० केली की आकडा वाढतो, आवाज नाही. ‘स्पेक’ (Spek) या फुकट प्रोग्राममध्ये फाइल ओढून टाका. साधारण १६ किलोहर्ट्झवर आलेख कात्रीने कापल्यासारखा संपत असेल तर मूळ माल १२८चा आहे. खऱ्या ३२०मध्ये तो २०च्या आसपास जातो. खोलीत फरक कळत नाही. चार टॉप (वरच्या आवाजाच्या स्पीकर पेट्या) आणि चार बेसवर झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात.

गाणी विकत घ्या. चार मिनिटांचं ३२०चं एमपी३ साधारण साडेनऊ एमबीचं असतं, म्हणजे पाच हजार गाणी ५० जीबीच्या आतबाहेर बसतात. वॅव्ह फाइल चौपट जागा खाते आणि तिच्यात गायक-चित्रपटाची माहिती नीट टिकत नाही. ऑनलाइन स्ट्रीमिंगवर अख्खा कार्यक्रम सोडू नका. मंगल कार्यालयाच्या तळघरात नेटवर्क जातंच. शिवाय ती सदस्यता खासगी ऐकण्यासाठी असते (परवान्याबद्दल प्रश्न १८).

५. गाणं असतं, पण ऐन वेळी सर्चमध्ये सापडत नाही. काय करू?

मराठी गाण्यांची ही खास डोकेदुखी आहे. एकच शब्द कुणी ‘झेड’ने लिहितो, कुणी ‘झेडएच’ने, कुणी ‘जे’ने. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर घाईत कीबोर्ड बदलत बसावं लागतं. उपाय कंटाळवाणा आहे पण कायमचा. नाव रोमन लिपीत एकाच पद्धतीने ठेवा आणि कमेंटच्या रकान्यात बाकीची स्पेलिंगं, चित्रपटाचं नाव आणि लोक ज्या ओळीने गाणं ओळखतात ती ओळ टाका. पाहुणे गाण्याचं नाव सांगत नाहीत, गुणगुणून दाखवतात.

याद्या गाण्याच्या प्रकारापेक्षा प्रसंगाने लावा: हळद, वरात-चालती, वरात-थांबलेली, जेवण, आजी-आजोबांचा नाच, शेवटची २० मिनिटं.

गाणी बाहेरच्या ड्राइव्हवर असतील आणि अचानक सगळी ‘फाइल सापडत नाही’ दाखवत असतील, तर बहुतेक विंडोजने ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं. काल ‘ई’ होता, आज ‘एफ’ झाला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला शेवटचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका.

६. कोळीगीताचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सॉफ्टवेअर भलताच दाखवतं. असं का?

सॉफ्टवेअर बहुतेक वेळा चारच्या हिशेबाने मोजतं. कोळीगीतं आणि कितीतरी लावण्या सहाच्या चालीत असतात, म्हणजे एका ठोक्यात तीन बारीक मात्रा. यंत्र त्यातल्या भलत्याच मात्रा पकडतं, मग खरा १०० असलेला वेग १५० दिसतो. पायाने ठेका धरा, टॅप बटणावर १६ ठोके द्या आणि येईल तो आकडा ग्रिडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्यावर आखतं त्या ठोक्यांच्या रेघांमध्ये, घाला. दुप्पट-निमपट चूक, म्हणजे ७०चं १४०, त्याहून सोपी. तिला ग्रिडजवळच बटण असतं.

कोळीगीतातून चारच्या गाण्यात जायचं असेल तर मोठा ठोका मोठ्या ठोक्याला जुळवा. दोन्ही तालवाद्यं एकत्र मात्र फार वेळ ठेवू नका, तीन आणि चार मात्रांची खिचडी होते. एका ओळीत उरका.

जुनी गाणी ही वेगळी गोष्ट. सगळा वाद्यवृंद स्टुडिओत बसून एकत्र वाजवायचा, घड्याळ लावून नाही. मुखड्याला ११२ असलेलं गाणं शेवटच्या अंतऱ्याला ११५ होतं. अशा गाण्यावर एक सरळ ग्रिड बसणारच नाही. रेकॉर्डबॉक्समधलं डायनॅमिक विश्लेषण वापरा, सेराटोमध्ये जागोजागी ग्रिडचे खुंटे ठोका, नाहीतर जिथे मिक्स करणार आहात तेवढ्या १६ ठोक्यांपुरतंच ग्रिड बरोबर करा. तेवढं पुरतं.

७. सिंक बटण वापरलं तर लोक ‘हा खरा डीजे नाही’ म्हणतात. वापरू की नको?

वापरा. नाचणाऱ्याला तुमचं बटण दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, सिंक, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण, ग्रिडवर आंधळा विश्वास ठेवतं. ग्रिड चुकलं (प्रश्न ६) तर ते दोन गाणी अचूकपणे चुकीची जुळवतं. म्हणून कानाने जुळवणं शिकावंच लागतं. रोज अर्धा तास स्क्रीनवरच्या लहरी झाकून सराव करा.

८. आमच्याकडच्या गाण्यांना लांब इंट्रो नसतो. मग मिक्स करायचं कुठे?

क्लबसाठी बनलेल्या गाण्याला पुढेमागे ३२ ठोक्यांचा नुसता ठेका असतो. फिल्मी गाणं मात्र मुखडा, म्युझिक, अंतरा, पुन्हा मुखडा असं फिरतं. बाहेर पडायची जागा म्हणजे पहिल्या अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो आणि त्याची ओळ संपते ती. तिथे साधारण दीड-दोन मिनिटं झालेली असतात आणि लोकांचं गाऊन झालेलं असतं.

प्रत्येक गाण्यावर तीन हॉट क्यू (एका बटणावर त्या जागी उडी मारायच्या खुणा) टाका: मुखड्याचा पहिला ठोका, बाहेर पडायची ओळ आणि मधल्या म्युझिकमधला असा तुकडा जिथे कुणी गात नाही. त्या तुकड्यावर ४ किंवा ८ ठोक्यांचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) लावला की तुमचा इंट्रो तयार झाला. दोन गायक एकाच वेळी गाताना ऐकू आले तर वेग कितीही जुळलेला असो, कानाला ते भांडण वाटतं. बेसचंही तसंच. नव्याचा बेस वर नेताना जुन्याचा खाली आणा, दोन्ही एकदम उघडे ठेवू नका.

वेग फार वेगळा असेल, ९५वरून थेट १२८, तर ओढाताण करू नका. ओळीच्या शेवटी एको मारा, अर्धा श्वास शांतता ठेवा आणि नवं गाणं मुखड्यावरच सोडा. की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) चालू ठेवून साधारण ६ ते ८ टक्क्यांपलीकडे वेग ताणला की गायकाचा आवाज फाटल्यासारखा होतो. की लॉक बंद असेल तर जवळजवळ ६ टक्क्यांना सूर एका स्वराने, म्हणजे सा वरून कोमल रे इतका, चढतो.

९. मध्येच टिकटिक येते, आवाज तुटतो. लॅपटॉप तर नवा आहे.

बहुतेक वेळा बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी लॅपटॉप साठवतो तो आवाजाचा तुकडा, फार लहान असतो. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ६, ५१२ म्हणजे जवळजवळ १२. स्क्रॅच करत नसाल तर ५१२वर काहीच बिघडत नाही. विंडोजवर कंट्रोलर कंपनीचा स्वतःचा असिओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर टाका, मॅकला बहुधा तो लागत नाही.

तरीही तुटत असेल तर कार्यक्रमाआधी हे करा:

- वायफाय आणि ब्लूटूथ बंद. सर्वांत जास्त अडथळा इथूनच येतो.
- पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आणि त्यातला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. तो चालू असला की विंडोज ‘वीज वाचवायला’ कंट्रोलर झोपवतं.
- अपडेट पुढे ढकला. विंडोज पाच आठवड्यांपर्यंत थांबतं.
- विंडोजचा नेहमीचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर वळवा, कंट्रोलरवर नाही. नाहीतर मंगलाष्टकांनंतरच्या शांततेत बॅटरीचा ‘टुंग’ अख्ख्या हॉलला ऐकू जातो.
- हब टाळा, कंट्रोलर थेट लॅपटॉपला लावा. केबल दोन मीटरच्या आतली.

इतकं करूनही टिकटिक थांबली नाही तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते तो नावानिशी सांगतो.

१०. स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. कंट्रोलर खराब आहे का?

क्वचितच. चार्जर लॅपटॉपमधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. तुमचा चार्जर एका बोर्डवर, साउंडवाल्याचे अॅम्प दुसऱ्यावर, आणि दोन्हींच्या अर्थमधला फरक तुमच्या आरसीए केबलमधून ५० हर्ट्झची गुणगुण बनून वाहतो. आधी सगळं एकाच बोर्डवर आणा. नाहीच जमलं तर कंट्रोलर आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल लांब केबलसाठी बदलून देणारी डबी) किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. तो बॅगेत कायम असावा.

अर्थची पिन तोडणं हा ‘उपाय’ बरेच जण सांगतात. करू नका. ओल्या लॉनवर, जनरेटरच्या विजेवर, ती पिनच तुमच्या आणि लोखंडी स्टेजच्या मध्ये उभी असते.

आरसीए केबल तीन मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे डीआय बॉक्समधून एक्सएलआर (तीन पिनांची) केबल ओढा, तिला वीस-तीस मीटर काही वाटत नाही.

११. साउंडवाला म्हणतो ‘आवाज कमी येतोय, वाढव’. लाल दिवा लागला तर चालतो का?

नाही. प्रत्येक चॅनेलचा ट्रिम (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) असा लावा की गाण्याचा सर्वांत भरलेला भाग हिरव्यात राहील आणि कधीमधी नारिंगी लागेल. इक्वलायझर मधोमध. मास्टर लालात गेला की लहरीची टोकं कापली जातात, आणि पुढे अॅम्पवर आवाज कितीही कमी केला तरी कापलेलं परत येत नाही. असा कापलेला सिग्नल मोठ्याने वाजला की आधी ट्विटर (उंच आवाजाचे छोटे स्पीकर) जळतात आणि बिलावर नाव तुमचं येतं. ‘माझा सिग्नल नारिंगीत आहे, तुमचा गेन वाढवा’ हे नम्रपणे पण ठाम सांगा. सॉफ्टवेअरमधला ऑटो गेन चालू ठेवा, जुन्या गाण्याहून नवं गाणं फार मोठ्याने वाजतं.

१२. हेडफोनमध्ये ठोका बरोबर जुळतो, बाहेर मात्र डबल ऐकू येतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. टॉप तुमच्यापासून १५ मीटरवर असतील तर त्यांचा आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा येतो. १२० बीपीएमला दोन ठोक्यांतलं अंतर ५०० मिलिसेकंद, त्यात ४४चा फरक कानाला स्पष्ट कळतो. तुम्ही कानातलं गाणं दूरच्या टॉपशी जुळवलंत, म्हणजे लोकांसाठी ते तेवढंच चुकवलंत. स्वतःसाठी वेगळा मॉनिटर स्पीकर मागा, दोन मीटरच्या आत. मिळाला नाही तर हेडफोनचा मिक्स नॉब मध्यावर आणा आणि दोन्ही गाणी कानातच जुळवा.

१३. माइक हातात घेतला की शिट्टी वाजते.

माइक घेणारा टॉपच्या पुढे उभा आहे, किंवा त्याने जाळी मुठीत धरली आहे. आधी त्याला हलवा, मग बटणं हलवा. निवेदकाचा माइक शक्यतो तुमच्या कंट्रोलरमध्ये घेऊच नका, साउंडवाल्याच्या मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला द्या. तिथे त्याला शिट्टीची पट्टी कापता येते, तुमच्याकडे बहुधा फक्त आवाज कमी-जास्त करता येतो.

१४. ढोल-ताशा किंवा बेंजो सोबत असेल तर ट्रॅक कसा जुळवायचा?

ट्रॅक त्यांना जुळवायचा, ते तुम्हाला जुळणार नाहीत. ताशेवाला रंगात आला की वेग चढतो, आणि तो चढायलाच हवा. सिंक बंद करा, पिच फेडरवर (वेगाच्या पट्टीवर) हात ठेवा, जॉगच्या चाकाने ढकलत राहा. गाणं असं निवडा ज्यात स्वतःचा जड ठेका नाही, किंवा बेस पूर्ण कापून फक्त गायन सोडा. सगळ्यात चांगलं म्हणजे आळीपाळी: त्यांचा तोडा संपतो त्या समेवर तुमचं गाणं, तुमच्या मुखड्यानंतर त्यांचा तोडा. हे आधी पाच मिनिटं त्यांच्या म्होरक्याशी बोलून ठरतं. खुणेचा हात कोण वर करणार तेही ठरवा.

१५. वरातीत टेम्पोवर वाजवताना लॅपटॉपची काळजी कशी घेऊ? आणि मध्येच बंद पडला तर?

मे महिन्यातल्या उन्हात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो आणि प्रश्न ९ मधली टिकटिक सुरू होते. स्टँडवर ठेवा, खाली हवा खेळू द्या, वर छत्री किंवा ताडपत्री घ्या. लॅपटॉप आणि कंट्रोलरच्या खाली जाड फोम, म्हणजे बेसचा हादरा कमी पोचतो. यूएसबी केबल टेबलाला टेपने चिकटवा आणि तिला थोडी ढील ठेवा.

गुलाल हा वेगळाच शत्रू. ओल्या फडक्याने पुसलात तर त्याचा लगदा होऊन फेडरच्या फटीत बसतो. आधी मऊ ब्रश, मग हवेचा फुगा, आणि फेडर खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. वापरात नसेल तेव्हा झाकण घाला. फुलांच्या पाकळ्या निघतात, कागदी चमकी निघत नाही.

बंद पडण्याची तयारी आधीच करायची असते. कंट्रोलर हेच साउंड कार्ड असल्यामुळे केबल निसटली की दोन्ही गाणी एकदम जातात. म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकून साउंडवाल्याच्या मिक्सरवर वेगळ्या चॅनेलला कायम जोडलेला ठेवा. त्यात तासाभराचा एक मिक्स, पहिल्या सेकंदापासूनच जोरात वाजणारा. बंद पडलं की आधी फोनचा फेडर वर, मग यूएसबी दुसऱ्या पोर्टला, मग ऑडिओ सेटिंगमध्ये कंट्रोलर निवडलेला आहे का ते बघा, आणि शेवटी सॉफ्टवेअर बंद करून चालू. घाबरलेला माणूस हा क्रम उलटा करतो आणि चार मिनिटं शांततेत जातात.

‘हे गाणं लाव’ म्हणून कुणी पेन ड्राइव्ह पुढे केला तर तो लॅपटॉपला लावू नका. व्हायरस असतोच असं नाही, पण ती पैज त्या रात्री नको. त्या माणसाच्या फोनला तुमच्या राखीव फोनचीच केबल द्या.

१६. स्टेम्स म्हणजे काय, आणि लाइव्हमध्ये भरवशाचे आहेत का?

तयार गाण्यातून गायन, तालवाद्य, बेस आणि बाकी सूर वेगळे काढण्याची सोय. सेराटो, रेकॉर्डबॉक्स आणि व्हर्च्युअल डीजे तिन्हींत आहे. हलगीच्या ठेक्यावर दुसऱ्या गाण्याचं गायन ठेवायला छान. पण मोजणी प्रोसेसरवर पडते. शक्य असेल तिथे ठरलेल्या २०-३० गाण्यांचे स्टेम्स घरीच काढून ठेवा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायिका आणि व्हायोलिन एकमेकांत अडकलेले असतात, तिथे उरलेला आवाज चिरका निघतो. नव्या गाण्यांवर चालतं, जुन्यांवर आधी ऐकून बघा.

१७. रात्री १० नंतर वाजवता येतं का? आयोजक म्हणतात ‘परवानगी आहे’.

परवानगीचा कागद बघा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. अपवाद बंद सभागृहाच्या आतला वापर, आणि राज्याने सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत दिलेली सूट. लॉन हे बंद सभागृह नाही, वर मांडव घातला तरी. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे स्पीकरच्या भिंतीचा हिशेब कागदावर कधीच बसत नाही. कारवाईत सामान जप्त होतं आणि ते सोडवायला आयोजक येत नाहीत, म्हणून ‘१० वाजता बंद’ हे सुपारी घेतानाच लिहून घ्या. शेवटचं गाणं ९:५० ला सुरू करा.

१८. लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं का? हॉटेलवाले मागतात.

कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये धार्मिक विधींसाठी सूट आहे, आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ येतात. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या विभागाने जाहीर सूचना काढून हेच सांगितलं. गोवा सरकारनेही २०२४च्या जानेवारीत तसं परिपत्रक काढलं, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. कायद्यातलं कलम मात्र जागेवर आहे. त्यामुळे हॉटेल संगीत किंवा रिसेप्शनसाठी पीपीएल, आयपीआरएस किंवा नोव्हेक्स या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांचा कागद मागत असेल, तर तो वाद यजमान आणि हॉटेलने आधी मिटवायचा. तुम्ही करारात एक ओळ घाला: ‘संगीत परवाने ही आयोजकाची जबाबदारी’.

पब, थर्टी फर्स्ट, तिकीट लावलेली पार्टी, कंपनीचा कार्यक्रम यांना ही सूट नाही. आणि लग्नाची सूट वाजवण्यापुरती आहे. त्याच रात्रीचा मिक्स रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकलात तर तो वेगळा विषय होतो, तिथे गाणं उडवलं जाणं किंवा आवाज बंद केला जाणं नेहमीचंच.